किमयागाराची चिनी माती

चहाची कपबशी आज घरोघर आहे. ती फुटली तर थोडेसें चुकचुकावें आणि दुसरी आणावी, यापलीकडे तिच्यासाठीं कोणी कांहीं करीत नाहीं. परंतु यूरोपांतील एका राजानें अशाच चिनी मातीच्या भांड्यांसाठीं आपले सहाशें स्वार शेजारच्या राजाला देऊन टाकले होते, असें सांगितलें तर पुष्कळांना तें खरें वाटणार नाहीं. तथापि ही गोष्ट कल्पित नाहीं. सॅक्सनीचा अधिपति व पोलंडचा राजा ऑगस्टस यानें इ. स. १७१७ मध्यें प्रशियाच्या फ्रीड्रिश विल्यम राजाशीं हा सौदा केला. स्वार प्रशियाच्या लष्करांत गेले व चीन देशांतून आलेलीं १५१ भांडीं ड्रेस्डेन शहरीं आलीं. त्यांतील मोठ्या झांकणाच्या रांजणांना अजूनही ‘स्वारांचे रांजण’ असेंच म्हणतात.

याहून नवलाची गोष्ट अशी कीं, हा सौदा झाला त्या वेळीं खुद्द ऑगस्टसच्याच राज्यांत, माइसेन येथें, चिनी मातीचीं भांडीं तयार होत होतीं. चीन व जपान यांनीं शतकानुशतकें जपलेली कला तेथें सात वर्षांपूर्वींच कारखान्याच्या रूपानें उभी राहिली होती. ती तेथें कशी आली, याविषयीं एक कथा फार प्रसिद्ध आहे. एका बढाईखोर किमयागारानें राजाला सोनें करून देण्याचें वचन दिलें; सोनें झालें नाहीं, तेव्हां राजानें त्याला कोंडून ठेविलें; एके दिवशीं डोक्यावरच्या केसांच्या टोपाला लाविलेली पांढरी भुकटी त्याला नेहमींपेक्षां जड लागली; त्यानें ती सहज भट्टींत घातली आणि पाहतो तों काय, चिनी माती! कथा मोठी गोड आहे. तिच्यांत राजा आहे, बंदिवान आहे, आणि दैवानें अकस्मात् उघडलेलें दारही आहे. तिच्यांतील किमयागार खरा, राजा खरा आणि कैदही खरी. परंतु ज्या भुकटीवर सारी कथा उभी आहे ती मात्र पुराव्यापुढें टिकत नाहीं.

मुळांत हें कोडें किती अवघड होतें तें आधीं पाहिलें पाहिजे. चीनमधून आलेलें भांडें पांढरें शुभ्र असे, टिचकी मारली कीं घंटेसारखें वाजे, उजेडाकडे धरलें कीं बोटांची सांवली पलीकडून दिसे, आणि सुरीनें त्यावर ओरखडा उठत नसे. यूरोपांतील कुंभाराला यांपैकीं एकही गोष्ट साधत नव्हती. मग तर्क सुरू झाले. मार्को पोलो या प्रवाशानें या भांड्यांना जो शब्द वापरला तोच तो कवडीलाही वापरी. ‘पोर्सेलिन’ हा शब्द त्यांतूनच निघाला. नांवावरून कित्येकांची समजूत झाली कीं, शिंपले व अंड्यांचीं टरफलें कुटून, त्यांचा लगदा शंभर वर्षें जमिनींत पुरून ठेवून हीं भांडीं करीत असावेत. आपल्या मराठींत या पदार्थाला ‘चिनी माती’ म्हणतात. त्या विद्वान् लोकांना हें नांव ठाऊक असतें तर शिंपल्यांच्या मागें न लागतां ते निदान मातीच्या मागें तरी लागले असते!

ज्यांना माती आहे एवढें कळलें त्यांचाही तर्क कांचेकडे वळला. भांडें पारदर्शक दिसतें, तेव्हां त्यांत कांच असलीच पाहिजे, असें समजून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्लॉरेन्स येथें मेडिची घराण्याच्या आश्रयानें आणि पुढें फ्रान्सांत, कांचेची पूड मातींत मिसळून भांडीं करण्यांत आलीं. दिसावयास तीं सुरेख होत. परंतु अंगानें मऊ, आणि भट्टींत थोडा अधिक जाळ झाला कीं खचून वांकडीं होत.

खरी गोष्ट निराळी होती. चिनी मातीला दोन द्रव्यें लागतात. एक केओलिन नांवाची पांढरी माती. चीनमधील जिंगडेझेन या कुंभारांच्या नगराजवळ गाओलिंग म्हणजे ‘उंच डोंगरकणा’ नांवाची जागा आहे, तिच्यावरून हें नांव पडलें. ही माती अतिशय कडक आंचेंतही वितळत नाहीं. भांड्याचा आकार तीच धरून ठेवते. दुसरें द्रव्य म्हणजे त्याच आंचेंत वितळणारा दगड. तो वितळून मातीच्या कणांमधील जागा भरून काढतो आणि सगळा पिंड एकजीव होतो. चिनी लोक या दोहोंना भांड्याचीं हाडें व मांस म्हणत, आणि याहून चांगली उपमा सांपडणें कठीण. परंतु हा संयोग घडून येण्यास सुमारें १,३०० ते १,४०० अंश सेंटिग्रेड इतकी उष्णता लागते. यूरोपांतील कुंभारांच्या भट्ट्या तेथवर पोंचतच नव्हत्या. म्हणजे कोडें दुहेरी होतें: योग्य माती कोणती हें ठाऊक नव्हतें, आणि ती हातीं आली असती तरी तिची परीक्षा होईल असा विस्तव नव्हता.

आतां त्या किमयागाराकडे वळूं. योहान फ्रीड्रिश बॉटगर हा इ. स. १६८२ मध्यें जन्मला. बर्लिन येथें झोर्न नांवाच्या औषधविक्रेत्याकडे तो उमेदवारी करीत असे. रात्रीं तो किमयेचे प्रयोग करी, आणि इ. स. १७०१ मध्यें त्यानें कांहीं साक्षीदारांसमक्ष चांदीच्या नाण्यांचें सोनें करून दाखविलें. ही हातचलाखी होती हें सांगणें नलगे. परंतु त्या काळीं मोठमोठे पंडितही परिसाची शक्यता नाकारीत नसत, त्यामुळें ही वार्ता वणव्यासारखी पसरली. प्रशियाच्या राजानें त्याला बोलावणें धाडलें. एकोणीस वर्षांचा बॉटगर घाबरला आणि सरहद्द ओलांडून सॅक्सनीच्या राज्यांत विटेनबर्ग येथें पळाला. आगींतून निघून फुफाट्यांत पडावें तसें झालें. दोन राज्यें एका पोरासाठीं हमरीतुमरीवर आलीं, आणि ऑगस्टसनें त्याला गुपचूप ड्रेस्डेनला आणवून पहाऱ्यांत ठेविलें. पोलंडचें सिंहासन आणि स्वीडनशीं चाललेलें युद्ध यांपायीं ऑगस्टसचा खजिना रिता होत होता. त्याला सोनें हवें होतें.

पुढील कित्येक वर्षें बॉटगरनें राजाला आश्वासनें देण्यांत घालविलीं. इ. स. १७०३ मध्यें तो निसटला, पण ऑस्ट्रियांत पकडला जाऊन परत आला. स्वीडनचें सैन्य सॅक्सनींत शिरलें तेव्हां त्याला क्योनिगस्टाइनच्या डोंगरी किल्ल्यावर नेऊन डांबलें. सोन्याचा एक गुंजभरही मागमूस नव्हता. अशा माणसाची शेवटीं काय गत होत असे, याचें उदाहरण जवळच होतें. कायेतानो नांवाच्या दुसऱ्या एका किमयागाराला प्रशियाच्या त्याच राजानें इ. स. १७०९ च्या ऑगस्टांत फांशीं दिलें; आणि त्याची विटंबना व्हावी म्हणून फांशीच्या खांबांना सोनेरी मुलामा दिला होता. बॉटगर बर्लिनला राहिला असता तर तो खांब कदाचित् आधीं त्याच्याच वांट्यास आला असता.

त्याला वांचविणारा पुरुष म्हणजे एरेनफ्रीड व्हाल्टर फॉन चिर्नहाउस. लोकप्रसिद्ध कथेंत याचें नांवही येत नाहीं, ही मोठी अन्यायाची गोष्ट होय. चिर्नहाउस हा जातीचा गणिती. स्पिनोझा, लायब्निट्झ, हायगेन्स यांच्याशीं त्याचा स्नेह. पॅरिसच्या विज्ञान परिषदेचा तो सभासद. त्यानें प्रचंड आकाराचीं भिंगें व तांब्याचे आरसे घडविले होते. त्यांच्या साह्यानें सूर्याचे किरण एका ठिकाणीं एकवटून, कोणत्याही भट्टींत न वितळणारे खनिज पदार्थ तो वितळवून पाही. कोणती माती किती आंच सोसते, कोणत्या दोन मात्या एकत्र केल्या असतां लवकर वितळतात, याचा त्यानें अनेक वर्षें अभ्यास केला होता. हॉलंड व फ्रान्स येथील भांड्यांचे कारखानेही तो पाहून आला होता. सॅक्सनी देश खनिजांनीं संपन्न. तेथें चिनी मातीचा कारखाना निघावा ही त्याची जुनी तळमळ. ऑगस्टस चिनी भांड्यांवर जो पैसा उधळीत असे तो पाहून त्याचा जीव कासावीस होई.

राजानें बॉटगरवर देखरेख ठेवण्याचें काम या चिर्नहाउसकडे सोंपविलें. त्याच्या जोडीला फ्रायबर्गच्या खाणखात्यांतील पाब्स्ट फॉन ओहाइन हा धातुविद्येंतील जाणता अधिकारी होता. आरंभीं बॉटगर मातीच्या कामास नाखूष होता. सोनें करणारानें मडकीं कां घडवावीं, असें त्याला वाटे. पण हळूहळू तो त्यांत रंगला. किमयेच्या नादांत त्याला एक गोष्ट उत्तम साधली होती, ती म्हणजे प्रयोगाची चिकाटी. इ. स. १७०७ मध्यें ड्रेस्डेनच्या तटाखालच्या एका बुरुजांत त्याला प्रयोगशाळा दिली. फ्रायबर्गचे खाणकामगार व भट्टीवाले हाताखालीं दिले. प्रथम तांबड्या मातीचीं भांडीं निघालीं; तीं इतकीं कठीण कीं रत्नाप्रमाणें सहाणेवर घांसून त्यांना चकाकी आणतां येई.

या कामगारांपैकीं पाउल व्हिल्डेनस्टाइन यानें पुढें आपल्या आठवणी लिहून ठेविल्या. भट्टीच्या तापानें डोक्यावरचे केस होरपळत, पायांखालची फरशी इतकी तापे कीं पायांना फोड येत. एकदां राजा स्वतः तें पाहावयास आला. पेटलेल्या भट्टींतून बॉटगरनें एक लालभडक झालेली लहानशी किटली बाहेर काढविली आणि ती तशीच थंड पाण्याच्या टिपाडांत टाकविली. मोठा आवाज झाला. किटली फुटली असेंच राजाला वाटलें. परंतु बाहेर काढली तेव्हां ती अखंड होती. साध्या मडक्याच्या अशा प्रयोगांत ठिकऱ्या उडाल्या असत्या, हें कोणत्याही गृहिणीला सांगावयास नको.

या सर्व प्रकरणांतील अत्यंत महत्त्वाचा कागद ता. १५ जानेवारी १७०८ चा आहे. तो बॉटगरच्या टिपणवहींतील असून त्यांत मातीच्या सात मिश्रणांची यादी आहे. एकांत केवळ माती, इतरांत माती व अलाबास्टर नांवाचा चुन्याच्या जातीचा मऊ पांढरा दगड निरनिराळ्या प्रमाणांत. माती कोल्डिट्झ या गांवची. पांच तास भट्टींत ठेविल्यावर प्रत्येकाचें काय झालें तें पुढें मांडलें आहे: कांहीं खचलीं, कांहीं नुसतीं पांढरीं झालीं, आणि शेवटचीं तीन पांढरीं व अर्धपारदर्शक झालीं. यूरोपांतील खरी चिनी माती कागदावर प्रथम दिसते ती येथें.

टोपाच्या भुकटीची कथा या यादीपुढें लटकी पडते. कथेंतील भुकटी औए या गांवची म्हणून सांगतात. श्नोर नांवाच्या खाणमालकाच्या जमिनींत ती पांढरी माती निघे. ही माती खरोखरच अत्युत्तम होती आणि पुढें माइसेनच्या कारखान्याचा सारा आधार तिच्यावरच होता. परंतु ती आली मागाहून. पहिली यशस्वी भट्टी कोल्डिट्झच्या मातीची होती. शिवाय सात मिश्रणें क्रमानें प्रमाण बदलून लावणें हें आकस्मिक योगाचें लक्षण नव्हे. तो पद्धतशीर शोध होता. खाणखात्याकडून राज्यांतील मात्यांचे नमुने मागवावे, एकामागून एक भट्टींत घालावे, निकाल टिपून ठेवावा, असें हें काम. कथेला तें नीरस वाटलें असावें, म्हणून तिनें टोप घातला!

मग श्रेय कोणाचें? हें दुसरें रहस्य, आणि यावर बराच वाद झाला आहे. चिर्नहाउस ता. ११ ऑक्टोबर १७०८ रोजीं वारला. बॉटगरनें राजाला उत्तम झिलईसह पांढरी चिनी माती करतां येते असें लेखी कळविलें तें ता. २८ मार्च १७०९ रोजीं. बक्षीस, कारखाना व कीर्ति हीं सर्व मागें राहिलेल्याकडे गेलीं, आणि ज्याचें तोंड मृत्यूनें बंद केलें त्याचें नांव मागें पडलें. कारखान्याशीं संबंध असलेल्या कांहीं समकालीनांनींच हा शोध खरा चिर्नहाउसचा असें म्हणून ठेविलें आहे. उलट पक्षीं, टिपणवही बॉटगरची आहे, आणि झिलईचें कठीण काम चिर्नहाउसच्या मृत्यूनंतर पुरें झालें, हेंही नाकारतां येत नाहीं. निःपक्षपातीपणानें पाहतां, कडक आंच व मातीची परीक्षा करण्याची रीत चिर्नहाउसची, भट्टी व खनिजें यांची जाण ओहाइन व फ्रायबर्गच्या कारागिरांची, आणि मिश्रण जुळवून तें शेवटास नेण्याची धडाडी बॉटगरची, असेंच म्हणावें लागतें. एकाच्याच पुतळ्याला हार घालण्याची लोकांना हौस असते. येथें तो हार वांटून घ्यावा लागेल.

हा नुसता चिनी कृतीचा नक्कलपाठ नव्हता, याचा पुरावा खुद्द भांड्यांतच आहे. चिनी कारागीर वितळणारें द्रव्य म्हणून एका विशिष्ट दगडाची पूड घालीत. बॉटगरच्या मातींत त्याऐवजीं अलाबास्टर आहे. म्हणजे त्याच मुक्कामाला हे लोक दुसऱ्या वाटेनें पोंचले होते.

इ. स. १७१० च्या जानेवारींत राजाज्ञेनें कारखान्याची घोषणा झाली आणि जूनमध्यें तो माइसेन येथील आल्ब्रेख्टस्बुर्ग या जुन्या किल्ल्यांत नेण्यांत आला. किल्ला एल्ब नदीवर उंच कड्यावर आहे. लांकूड नदीनें येई, आणि आंतला माणूस परवानगीवांचून बाहेर जाऊं शकत नसे. कृति फुटूं नये म्हणून मिश्रणाची माहिती एका वैद्याला व झिलईची दुसऱ्याला, अशी वांटून दिली होती. खुद्द बॉटगर इ. स. १७१४ पर्यंत बंदिवानच होता. कारखान्याचा चालक कारखान्याचाच कैदी, असें उदाहरण उद्योगांच्या इतिहासांत विरळा. सुटका झाली तेव्हां प्रयोगांतील विषारी धूर व मद्य यांनीं त्याचें शरीर पोखरलें होतें. इ. स. १७१९ च्या मार्चमध्यें, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षीं, कर्जबाजारी स्थितींत तो वारला.

येथपर्यंत शोध झाला. धंदा झाला नव्हता. पहिलीं दहा वर्षें कारखाना रडतखडत चालला. राजा माल उचली पण पैसा वेळेवर देत नसे, कामगारांचे पगार महिनोन् महिने थकत. कुलुपें व पहारे यांनीं गुपित राखलें जातें ही राजाची समजूत होती. उपाशी कामगारानें ती खोटी पाडली. व्हिएन्ना येथील द्यु पाकिए नांवाच्या गृहस्थानें माइसेनचा हुंगर नांवाचा कारागीर फोडला, आणि इ. स. १७१९ च्या आरंभीं भट्टीवरचा मुख्य जाणकार स्टोल्झेल हाही अधिक पगाराच्या आशेनें तिकडे पळाला. व्हिएन्नाला चिनी माती निघूं लागली. पुढें हुंगर व्हेनिसला गेला व तेथेंही कारखाना निघाला. ज्या गुपितासाठीं एका माणसाचें तारुण्य कोंडून ठेविलें, तें त्याचें प्रेत थंड होण्यापूर्वींच देशाबाहेर गेलें होतें.

पण स्टोल्झेलला व्हिएन्नांतही ठरलेला पगार मिळेना. एका वर्षानें तो पस्तावला, व्हिएन्नाच्या कारखान्यांतील सामानाची नासधूस करून इ. स. १७२० मध्यें परत फिरला, आणि क्षमा मिळावी म्हणून जणूं नजराणा घेऊन आला. तो नजराणा म्हणजे योहान ग्रेगोर हेरोल्ट नांवाचा तरुण चित्रकार. माइसेनचें नशीब उघडलें तें याच्या हातून. भट्टीच्या आंचेंत न बिघडणारे तेजस्वी रंग त्यानें सिद्ध केले आणि चित्रकारांची शाळाच उभी केली. इ. स. १७३१ मध्यें केंडलर हा मूर्तिकार आला. त्यानें मंत्री ब्र्यूल याच्यासाठीं हंसांच्या आकृतींनीं मढविलेला जेवणाचा संच केला, त्यांत दोन हजारांवर नग होते. इ. स. १७२२ च्या सुमारास भांड्यांच्या बुडाशीं निळ्या रंगांत दोन तरवारींची फुली काढण्याची पद्धत पडली. सॅक्सनीच्या राजचिन्हांतील या तरवारी. आजही चालू असलेल्या अगदीं जुन्या व्यापारी चिन्हांत त्यांची गणना होते. कृति चोरतां आली तरी तरवारींची ती फुली पाहून पैसे मोजणारें गिऱ्हाईक चोरतां येत नाहीं, हें माइसेनला उशिरा कां होईना उमगलें.

गुपिताचें काय झालें, हेंही ऐकण्यासारखें आहे. दांत्रकोल नांवाचा फ्रेंच पाद्री चीनमध्यें जिंगडेझेनच्या कुंभारांत वावरत असे. त्यानें इ. स. १७१२ व १७२२ मध्यें पाठविलेल्या पत्रांत दोन्ही द्रव्यांचें सविस्तर वर्णन केलें, आणि तीं पत्रें छापलीही गेलीं. म्हणजे माइसेनच्या किल्ल्याला कुलुपें लागलीं होतीं त्याच वेळीं पॅरिसच्या वाचकाला चिनी कृति पुस्तकांत मिळत होती. तरी फ्रान्सांत खरी चिनी माती होण्यास १७६८ उजाडावें लागलें. कारण लिमोजजवळ केओलिनची खाण सांपडली तीच त्या सुमारास. इंग्लंडांत कुकवर्दी यानें कॉर्नवॉलमध्यें माती शोधून त्याच साली हक्कपत्र घेतलें. पत्र सर्वांच्या हातीं होतें. माती ज्याच्या पायाखालीं होती त्यालाच तिचा उपयोग. व्हिएन्नाच्या कारखान्यानेंसुद्धां आरंभीं सॅक्सनींतलीच औएची माती आणविली होती!

इ. स. १७५६ मध्यें प्रशियाच्या दुसऱ्या फ्रीड्रिशनें सॅक्सनी काबीज केली तेव्हां माइसेनचा माल त्याच्या हातीं पडला, आणि १७६३ मध्यें त्यानें बर्लिनला स्वतःचा कारखाना केला. त्यानंतर माइसेनचें पूर्वीचें वर्चस्व राहिलें नाहीं. कारखाना मात्र राहिला. इ. स. १८६३ मध्यें तो किल्ल्यांतून खालीं गांवाबाहेरच्या खोऱ्यांत नव्या इमारतींत आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो पूर्व जर्मनीच्या सरकारचा झाला आणि १९९१ पासून सॅक्सनी राज्याच्या मालकीचा आहे. त्याला लागणारी पांढरी माती माइसेनजवळच्या झाइलिट्झ गांवच्या लहानशा खाणींतून निघते, आणि भांड्यांच्या बुडाशीं निळ्या तरवारींची फुली अजूनही कुंचल्यानें हातीं काढतात.